शापकथेतील गाळलेली पाने

ऑक्टोबर २००४ च्या अखेरीस बोस्टन आणि आसपासच्या गावांतील दफनभूमींमध्ये एकाएकी वर्दळ वाढली. माणसे येत होती ती कोणाला निरोप देण्यासाठी नव्हे, तर एक बातमी कळवण्यासाठी. कोणी आजोबांच्या थडग्यावर लाल ‘बी’ अक्षराची निळी टोपी ठेवून गेले, कोणी वडिलांच्या शिळेपाशी वर्तमानपत्राचे पहिले पान. २७ ऑक्टोबरच्या रात्री सेंट लुईस येथे बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने वर्ल्ड सीरिज जिंकली होती. १९१८ नंतर पहिल्यांदाच. ज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली त्यांतले अनेक जण तोवर गेले होते, म्हणून त्यांची मुले-नातवंडे त्यांना सांगायला आली होती. त्या रात्री सामना चालू असताना खग्रास चंद्रग्रहण लागले होते. शाप मानणाऱ्यांना याहून अधिक पुरावा नको होता.

हा शाप म्हणजे अमेरिकन क्रीडाविश्वातील एक अतिशय लोकप्रिय कथा. ती थोडक्यात अशी: बोस्टनकडे बेब रूथ नावाचा अलौकिक खेळाडू होता. त्याचे लाडाचे नाव ‘बॅम्बिनो’, म्हणजे इटालियन भाषेत बाळ. संघाचा मालक हॅरी फ्रेझी हा नाट्यनिर्माता. एका संगीत नाटकासाठी पैसा हवा म्हणून त्याने रूथला न्यूयॉर्क यांकीज या संघाला विकले. तोवर एकही विजेतेपद नसलेले यांकीज त्यानंतर बलाढ्य झाले आणि बोस्टनच्या नशिबी दर वेळी विजयाच्या उंबरठ्यावर ठेच आली. पाप, शाप, तीन पिढ्यांचे भोग आणि अखेर उःशाप. पुराणकथांवर वाढलेल्या वाचकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. मलाही ती कधी वाटली नाही. या संघाचा मी फार दिवसांचा चाहता आहे आणि बेसबॉलचा गंधही नसलेल्या मित्रांना या खेळाकडे वळवताना मी हीच कथा रंगवून सांगत आलो. पुढे संघाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की, या कथेत मधल्या काही दशकांची पाने गाळलेली आहेत आणि ती आपोआप गळलेली नाहीत.

येथे शाकुंतलाची आठवण अपरिहार्यपणे होते. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला शकुंतला पुरती आठवते. लोक काय म्हणतील या भयाने तो तिला भर सभेत नाकारतो. कालिदासाने मध्ये दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली आणि राजाच्या नाकारण्याचे रूपांतर विस्मृतीत झाले. नायक निर्दोष ठरला. नाटक म्हणून या बदलाची थोरवी मान्यच आहे. परंतु कोणत्याही शापकथेला ‘या शापामुळे सुटका कोणाची होते?’ असा प्रश्न विचारावा लागतो, तो तेव्हापासून.

कथेतल्या पाप्यापासून, म्हणजे फ्रेझीपासून सुरुवात करू. १९०३ ते १९१८ या काळात वर्ल्ड सीरिज पंधरा वेळा खेळली गेली आणि त्यांतल्या पाच बोस्टनने जिंकल्या. ज्या पाच खेळले त्या पाचही. रूथ १९१४ मध्ये संघात आला तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा म्हणून, आणि त्या कामातही तो अव्वल होता. १९१९ मध्ये मात्र त्याने बॅट हाती घेऊन २९ होम रन मारले. (होम रन म्हणजे ढोबळमानाने आपला षटकार.) एका हंगामात इतके होम रन तोवर कोणीही मारलेले नव्हते. डिसेंबर १९१९ च्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या विक्रीचा करार झाला आणि ५ जानेवारी १९२० रोजी तो जाहीर झाला. किंमत एक लाख डॉलर. शिवाय यांकीजच्या मालकाकडून फ्रेझीला तीन लाखांचे कर्ज, आणि त्यासाठी गहाण ठेवले ते बोस्टनचे मैदान, फेनवे पार्क. प्रतिस्पर्धी संघाचा मालक आपल्या मैदानाचा सावकार व्हावा, यातली नामुष्की शापाच्या कथेहून कमी नाट्यमय नाही. आणि ते संगीत नाटक? ‘नो, नो, नॅनेट’ ब्रॉडवेवर आले १९२५ मध्ये. ते ज्या नाटकावर बेतले होते ते ‘माय लेडी फ्रेंड्स’ डिसेंबर १९१९ चे, एवढाच काय तो धागा. फ्रेझीने १९२३ मध्ये संघच विकून टाकला होता.

फ्रेझीला खलनायक करण्यामागे आणखी एक गोष्ट होती. तो न्यूयॉर्कचा, नाटकवाला आणि पैशाच्या व्यवहारात मुरलेला, म्हणून तो ज्यू असला पाहिजे असे अनेकांनी गृहीत धरले. हेन्री फोर्डच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या पत्राने १९२१ मध्ये बेसबॉलच्या अधःपाताचे खापर ज्यूंवर फोडले, त्यात फ्रेझीलाही ओढले. तो ज्यू नव्हता. असता तरी काय, हा प्रश्न वेगळा. फ्रेझीने संघाचे नुकसान केले हे खरेच: रूथपाठोपाठ आणखी चांगले खेळाडू यांकीजकडे गेले आणि १९२२ ते १९३२ या अकरा हंगामांत बोस्टन नऊ वेळा तळाला राहिले. पण यातून फार तर पंधरा वर्षांचा हिशेब लागतो, शहाऐंशी वर्षांचा नाही.

१९३३ मध्ये तीस वर्षांच्या टॉम यॉकीने संघ विकत घेतला. तो वारसाहक्काने गडगंज श्रीमंत होता आणि खर्चायला कधी कचरला नाही. १९३४ मध्ये त्याने फेनवे पार्कची पुनर्बांधणी केली. डावीकडची सदतीस फुटांची भिंत तेव्हाची. आज जगभर ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणून ओळखली जाणारी ही भिंत १९४७ पर्यंत जाहिरातींनी झाकलेली होती. हिरवा रंग तिला त्या वर्षी लागला. तिच्यावरील हाताने आकडे बदलण्याच्या धावफलकावर मोर्स लिपीच्या ठिपक्यांत आणि रेघांत यॉकी पतिपत्नींची आद्याक्षरे रंगवली गेली. पाहणाऱ्याला ती नक्षीच वाटते. यॉकी १९७६ मध्ये वारला तोवर, म्हणजे त्रेचाळीस वर्षे, मालक होता. शापाच्या सहा दशकांहून मोठ्या मधल्या कालखंडाचा हा गाभा, पण शापाच्या कथेत या माणसाला भूमिकाच नाही.

या काळाचा नायक टेड विल्यम्स. त्याच्याविषयी लिहिताना चाहत्याचा तोल जातो, तो मी जाऊ देणार आहे. बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा चेंडू यशस्वीपणे मारणारा फलंदाज उत्तम समजला जातो. हजारात चारशे हे जवळजवळ अप्राप्य शिखर. १९४१ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी विल्यम्सची सरासरी .३९९५५ होती, जी नियमानुसार .४०० धरली गेली असती. व्यवस्थापक जो क्रोनिन याने त्याला बाहेर बसण्याची मुभा दिली. विल्यम्स त्या दिवसाचे दोन्ही सामने खेळला, आठपैकी सहा वेळा यशस्वी झाला आणि .४०६ वर थांबला. त्यानंतर दुसरे महायुद्ध आणि कोरियाचे युद्ध यांत वैमानिक म्हणून त्याची ऐन उमेदीची जवळजवळ पाच वर्षे गेली. बोस्टनच्या वार्ताहरांशी त्याचे हाडवैर होते. प्रेक्षकांच्या टाळ्यांना टोपी उंचावून प्रतिसाद द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. २८ सप्टेंबर १९६० रोजी फेनवेवर अवघे १०,४५४ प्रेक्षक होते. आपल्या कारकिर्दीतल्या शेवटच्या चेंडूफेकीला त्याने होम रन मारला, पाचशे एकविसावा, आणि टोपी न उंचावता आत निघून गेला. त्या विरळ गर्दीत जॉन अपडाइक बसला होता. त्याचा ‘हब फॅन्स बिड किड आद्यू’ हा निबंध पुढच्याच महिन्यात ‘न्यूयॉर्कर’मध्ये आला. क्रीडावर्णन साहित्याच्या अभ्यासक्रमात बसू शकते की नाही, याबद्दल शंका असलेल्यांनी तो वाचावा.

या संघाला लेखकांचा आणि प्राध्यापकांचा लळा नेहमीच राहिला. येल विद्यापीठात दान्ते आणि स्पेन्सर शिकवणारा बार्टलेट जियामाटी रेड सॉक्सचा असाच भक्त होता. त्याने १९७७ मध्ये या खेळाच्या हंगामाविषयी आणि त्याच्या अटळ शेवटाविषयी एक छोटा निबंध लिहिला. पुढे १९८९ मध्ये तो बेसबॉलचा सर्वोच्च अधिकारीच झाला आणि पाच महिन्यांत अकाली वारला. पराभवाचे सौंदर्यशास्त्र या मंडळींनी घडवले. मला ते अतिशय प्रिय आहे. आणि तरीही, की म्हणूनच, पराभव जितका सुंदर दिसू लागला तितके त्याचे कारण विचारणे असभ्य ठरत गेले, असे मला वाटते.

कारण शोधायचे तर १६ एप्रिल १९४५ च्या फेनवे पार्कवर जावे लागते. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये तेव्हा एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता. सगळ्या मालकांची मूक संमती होती. कृष्णवर्णीयांच्या लीग वेगळ्या चालत. बोस्टनमध्ये रविवारी सामने खेळवायला नगरपरिषदेची परवानगी लागे. इझाडोर मच्निक या गोऱ्या नगरसेवकाने ती अडवण्याची धमकी दिली. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचा क्रीडालेखक वेंडेल स्मिथ तीन खेळाडूंना घेऊन आला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निधनाच्या त्या आठवड्यात चाचणी पुढे ढकलली गेली. अखेर ती झाली तेव्हा मैदान रिकामे होते. तिघांपैकी एकाने भिंतीवर चेंडूमागून चेंडू आदळले. त्याचे नाव जॅकी रॉबिन्सन. आतून कोणीतरी शिवी हासडल्याचे एका पत्रकाराने बऱ्याच वर्षांनी सांगितले. ती कोणी दिली हे कधीच सिद्ध झाले नाही. तिघांनाही संघाकडून पुढे काहीही कळवण्यात आले नाही. दोन वर्षांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि अमेरिकेचा इतिहास बदलला. दुसरा, सॅम जेथ्रो, १९५० मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, तोही बोस्टन शहरातच, पण ब्रेव्ह्ज या दुसऱ्या संघाकडून.

आता शापाच्या यादीतली दोन वर्षे पाहू. १९४८ मध्ये रेड सॉक्स आणि क्लीव्हलँड बरोबरीत सुटले, निर्णायक सामना फेनवेवर झाला आणि क्लीव्हलँड जिंकले. त्यांच्या संघात लॅरी डोबी आणि सॅचेल पेज हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. १९४९ मध्ये शेवटच्या दिवशी यांकीजकडून हरून बोस्टनने लीगचे विजेतेपद एका सामन्याने गमावले. त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता रॉबिन्सन. एका सामन्याचा फरक! विली मेझ हा तर हाताशी आलेला होता: बर्मिंगहॅमच्या ज्या मैदानात रेड सॉक्सचा दुय्यम संघ खेळे, तिथेच तो कृष्णवर्णीयांच्या संघातून खेळत होता. त्यालाही जाऊ दिले गेले, आणि १९५० मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने त्याला करारबद्ध केले. विल्यम्स आणि मेझ एकाच मैदानात शेजारी उभे आहेत, हे चित्र कोणत्याही बोस्टनप्रेमीने क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहावे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. यांकीजनेही पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एल्स्टन हॉवर्ड, १९५५ मध्ये घेतला, आणि तोवर ते सपाटून जिंकत होते. तेव्हा वर्णद्वेष केला म्हणून हरले, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. तसे मांडणे म्हणजे एका शापाच्या जागी दुसरा, अधिक नैतिक शाप बसवणे होईल. माझे म्हणणे मर्यादित आहे. ज्या संघाला नेहमी थोडेच कमी पडत होते, त्याने थोडे नव्हे तर पुष्कळ काही समोर असताना नाकारले, आणि हे नाकारणे कोणाच्या शापाने झाले नव्हते.

सोळा संघांपैकी पंधरांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतले तरी बोस्टन थांबूनच होते. १९५९ च्या वसंतातील सरावात एलायजा ऊर्फ पम्प्सी ग्रीन हा तरुण उत्तम खेळला. ॲरिझोनात संघ ज्या हॉटेलात उतरे तिथे त्याला जागा नव्हती. हंगामाच्या तोंडावर त्याला दुय्यम संघात परत पाठवले गेले, त्यावर राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाने संघाची चौकशी केली. जुलैच्या सुरुवातीला व्यवस्थापक बदलला आणि २१ जुलै १९५९ रोजी शिकागोत ग्रीन दुसऱ्याच्या बदली धावण्यासाठी मैदानात उतरला. रॉबिन्सननंतर बारा वर्षांनी. ग्रीन काही महान खेळाडू नव्हता, तसा त्याचा दावाही नव्हता. सामन्यापूर्वी चेंडू फेकाफेकीच्या सरावासाठी विल्यम्स स्वतःहून त्याला बोलवत असे, हे त्याने पुढे अनेकदा सांगितले.

विल्यम्सची आई मेक्सिकन वंशाची होती. खेळत असताना तो याविषयी फारसे बोलला नाही. पण १९६६ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा प्रवेश झाला, तेव्हाच्या छोट्या भाषणात त्याने मध्येच अनपेक्षितपणे सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावे घेतली: संधी न मिळाल्यामुळेच जे येथे नाहीत अशा थोर कृष्णवर्णीय खेळाडूंचे प्रतीक म्हणून तरी हे दोघे एक दिवस येथे यावेत, अशी इच्छा व्यक्त केली. पेज १९७१ मध्ये आला, गिब्सन १९७२ मध्ये. २०२४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत सामील झाली आणि गिब्सनची १९४३ ची .४६६ ही सरासरी एका हंगामातील सर्वोच्च ठरली. ‘१९४१ च्या विल्यम्सनंतर चारशेचे शिखर कोणीही गाठले नाही’ हे वाक्य आम्ही चाहते मंत्रासारखे म्हणत असू. ते आता म्हणता येत नाही. विल्यम्सला याचे दुःख झाले असते असे मला वाटत नाही.

१९६६ मध्ये शेवटून दुसरा असलेला संघ १९६७ मध्ये लीगचा विजेता झाला. यस्ट्रेम्स्कीचे ते वर्ष, हे खरेच. पण जॉर्ज स्कॉट आणि रेजी स्मिथ हे कृष्णवर्णीय तरुणही त्या संघाचे आधार होते. १९७५ म्हटले की सर्वांना सहाव्या सामन्यात मध्यरात्रीनंतर कार्ल्टन फिस्कने मारलेला आणि हातवारे करून जणू रेषेच्या आत ढकललेला होम रन आठवतो. मला त्या वर्षीची वेगळीच आठवण जवळची आहे. संघाचा पिचर लुईस टियांट क्यूबाचा. त्याच्या आईवडिलांना क्यूबाबाहेर यायला कॅस्ट्रोच्या सरकारने त्या वर्षी परवानगी दिली. वडील, थोरले लुईस टियांट, हेही एके काळचे नामवंत पिचर, पण कातडीच्या रंगामुळे त्यांचे सारे आयुष्य कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये गेले. २६ ऑगस्ट १९७५ रोजी फेनवेवर त्यांनी औपचारिक पहिला चेंडू फेकला. तो खाली पडला. म्हाताऱ्याने चेंडू परत मागितला आणि दुसऱ्यांदा नीट फेकला.

शाप जन्माला यायला अजून अवकाश होता. १९७८ मध्ये यांकीजच्या बकी डेंटने मारलेला उंच चेंडू त्याच हिरव्या भिंतीपलीकडे गेला. मग २५ ऑक्टोबर १९८६ ची रात्र. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध दहाव्या डावात दोन धावांची आघाडी, शेवटचा एकच बळी बाकी, आणि अखेर बिल बकनरच्या पायांमधून निघून गेलेला तो सरपटता चेंडू. त्या क्षणाचे चित्रण इतक्या वेळा दाखवले गेले की दोन गोष्टी विस्मरणात गेल्या. चेंडू बकनरपर्यंत पोचण्याआधीच, पिचरच्या स्वैर फेकीमुळे बरोबरी झाली होती. आणि तो सहावा सामना होता. सातवा बाकी होता, त्यात बोस्टनने तीन धावांची आघाडी घेऊन पुन्हा गमावली. व्यवस्थापक नेहमी शेवटच्या डावात बकनरच्या जागी दुसऱ्या क्षेत्ररक्षकाला पाठवत असे, त्या रात्री त्याने पाठवले नाही. दुखऱ्या घोट्यांनी उभा राहिलेला, कारकिर्दीत २,७१५ फटके नावावर असलेला हा खेळाडू पुढे आयडाहोत जाऊन राहिला.

‘द कर्स ऑफ द बॅम्बिनो’ हे डॅन शॉनेसी या बोस्टनच्याच पत्रकाराचे पुस्तक १९९० चे. शापाची बोलवा खऱ्या अर्थाने सुरू झाली ती १९८६ नंतर आणि या पुस्तकाने ती घरोघर पोचवली. पूर्वीचे चाहते संघाला शिव्या देत, पण शापाचे नाव काढत नसत. म्हणजे सात दशके मागे जाऊन लावलेला हा शाप. त्याने बकनरला थोडे हलके केले असेल, तर तेवढ्यापुरते त्याचे ऋण मान्य. पण त्याने यॉकीला पूर्णच सोडवले.

२००४ मध्ये यांकीजविरुद्ध तीन सामने गमावल्यावर, तिसरा तर १९-८ असा, चौथ्याच्या नवव्या डावात डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला. तिथून सगळे फिरले. चौथा आणि पाचवा सामना डेव्हिड ऑर्टिझच्या फटक्यांनी जादा डावांत जिंकला गेला, मग सहावा, सातवा, आणि सेंट लुईसचा ४-० असा फडशा. रॉबर्ट्सचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, आई जपानी. ऑर्टिझ आणि पेद्रो मार्टिनेझ डॉमिनिकन. १९४५ च्या फेनवेवर यांतल्या कोणाचाही निभाव लागला नसता. शाप बॅम्बिनोचा होता असे धरले, तरी तो कोणी फेडला याकडे पाहिले पाहिजे. त्या आठवड्यातल्या उत्सवी लेखांत ते मला कुठे सापडले नाही.

त्यानंतर २००७, २०१३ आणि २०१८ मध्येही संघ जिंकला, आणि जिंकण्याची सवय झाल्यावर मागचे बोलणे सोपे झाले असावे. मैदानासमोरच्या रस्त्याला १९७७ मध्ये दिलेले ‘यॉकी वे’ हे नाव नव्या मालकांच्याच विनंतीवरून २०१८ मध्ये काढले गेले आणि जर्सी स्ट्रीट हे जुने नाव परत आले. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०१७ मध्ये, पाहुण्या संघातील ॲडम जोन्स या कृष्णवर्णीय खेळाडूला फेनवेच्या प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या होत्या.

बकनर २००८ मध्ये हंगामाच्या पहिल्या घरच्या सामन्याला फेनवेवर आला, तेव्हा सारे मैदान उभे राहिले. मे २०१९ मध्ये तो वारला. त्याच वर्षी जुलैमध्ये पम्प्सी ग्रीन गेला, त्याच्यासाठी मैदानात काही क्षण मौन पाळले गेले. बकनरचा चेंडू मी शेकडो वेळा पाहिला आहे. ग्रीनचा तो चेंडू पाहायला मिळाला तर काय वाटेल, असे मनात येते: ४ ऑगस्ट १९५९, फेनवेवरचा त्याचा पहिला सामना, संघाचा पहिलाच फलंदाज तो. त्याने मारलेला चेंडू डावीकडच्या उंच हिरव्या भिंतीवर आदळला, आणि तो परत येईपर्यंत ग्रीन तिसऱ्या बेसवर पोचला होता.